तालंतांचा दृष्टान्त आणि कोबाल्टची खाण

गेल्या पावसाळ्यातील एका रविवारची गोष्ट. मिस्सा आटोपून मी वेदीमागच्या खोलीत वस्त्रे उतरवीत होतो, तोच आमच्या धर्मग्रामातील एक तरुण दाराशी येऊन उभा राहिला. मुलगा गुणी. अभियांत्रिकीची पदविका घेऊन चाकणच्या एका कारखान्यात नोकरीस लागलेला, महिन्या-दोन महिन्यांतून एकदा कोपरगावला आईवडिलांकडे येणारा. त्याचे वडील एस.टी.त चालक होते. हयातभर स्टिअरिंग धरून नुकतेच निवृत्त झाले. तो म्हणाला, “फादर, बाबांचे फंडाचे पैसे बँकेत नुसते पडून आहेत. इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटरीला जे धातू लागतात ना, लिथियम, कोबाल्ट, निकेल, त्यांच्यात ते घालावेत असं माझ्या मनात आहे. पुढचा सगळा जमाना त्यांचाच आहे. आणि पोप महोदयांनी ‘लाउदातो सी’त पर्यावरणाचं एवढं सांगितलंय. म्हणजे पुण्यही आणि नफाही!” माझ्या चेहऱ्यावरची शंका त्याने ओळखली असावी, कारण लगेच त्याने तालंतांचा दृष्टान्त पुढे केला. ज्या दासाने आपला तालंत जमिनीत पुरून ठेवला त्याची धन्याने कशी खरडपट्टी काढली, हे मीच प्रवचनात सांगितले होते!

त्या दिवशी मी त्याला धड उत्तर देऊ शकलो नाही. बाप्तिस्म्यासाठी दोन कुटुंबे खोळंबली होती. “पुढच्या वेळी बोलू” असे म्हणून मी सुटका करून घेतली. परंतु त्यानंतर हेच वाक्य मी आणखी दोन-तीन घरांत ऐकले. मोबाईलवर कोणी तरी कोणाला तरी पाठविलेले, आणि त्याला धर्माचा मुलामा आपल्याच माणसांनी चढविलेला. ‘पुण्यही आणि नफाही’ या वाक्याशी माझे भांडण आहे, आणि ते भांडण मी आज उघडपणे मांडणार आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करतो. विजेवर चालणाऱ्या वाहनांना माझा विरोध नाही. १ जून १९४८ रोजी एस.टी.ची पहिली गाडी अहमदनगरहून पुण्याला धावली, आणि बरोबर चौऱ्याहत्तर वर्षांनी, १ जून २०२२ रोजी, विजेवर चालणारी ‘शिवाई’ याच मार्गावर सुरू झाली. (जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, रस्ता तोच आहे.) ज्याने वर्षानुवर्षे डिझेलचा धूर छातीत घेतला, त्या चालकाच्या घरी या बातमीने आनंद व्हावा हे स्वाभाविकच आहे. मलाही झाला. पृथ्वी हे आपले सामाईक घर आहे आणि त्या घरात धूर कोंडू देऊ नये, हे पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या परिपत्रकात ज्या कळकळीने सांगितले, त्यातील अक्षरही मला खोडायचे नाही.

पण गाडी वापरणे ही एक गोष्ट आणि गाडीतील धातूवर पैसा लावणे ही दुसरी. या दोन गोष्टी एकाच पिशवीत घातल्या जात आहेत, आणि सारा घोटाळा तेथेच आहे.

गाडी वापरणाऱ्याचे हित कशात आहे? बॅटरी स्वस्त असावी, टिकाऊ असावी, आणि तिच्यात दुर्मिळ धातू जितका कमी तितका बरा. जगभरचे अभियंते त्याच्याच मागे आहेत. लोह आणि फॉस्फेट यांच्यापासून बनविलेल्या बॅटरीत कोबाल्ट नसते आणि निकेलही नसते. टाटांच्या नेक्सॉनसारख्या आपल्या रस्त्यावरच्या गाडीत हीच बॅटरी असते. २०२४ साली जगात विद्युत मोटारींत बसविलेल्या बॅटऱ्यांपैकी जवळजवळ निम्मा वाटा याच प्रकारचा होता. पुण्याच्या केपीआयटी कंपनीने डिसेंबर २०२३ मध्ये सोडियमवर चालणाऱ्या बॅटरीचे तंत्र जाहीर केले. सोडियम म्हणजे मिठातला. त्यासाठी लिथियमचीही गरज नाही. गाडी वापरणाऱ्याला ही सुवार्ता आहे. ज्या लेकरांना कोबाल्टच्या विवरात उतरावे लागते त्यांच्यासाठी तर ती त्याहून मोठी सुवार्ता आहे. परंतु ज्याने वडिलांचा फंड कोबाल्टवर लावला आहे त्याने ही बातमी वाचून काय करावे? त्याने कपाळाला हात लावावा! धातूचा भाव चढला तरच त्याचा नफा. आणि भाव टिकायचा तर टंचाई टिकली पाहिजे. स्वच्छ हवेच्या नावाने पैसा गुंतविणारा हा गृहस्थ, स्वच्छ हवा स्वस्त होऊ नये अशीच मनोमन प्रार्थना करणार. या प्रार्थनेला आपण पुण्य म्हणायचे काय?

आपण लासलगावच्या शेजारचे लोक. कांदा खाणाऱ्याचे आणि कांदा दाबून ठेवणाऱ्याचे हित एकच असते असे त्या बाजारात जाऊन कोणी म्हटले, तर हमालसुद्धा हसतील. शेतकरी आपल्या घामाचा कांदा चाळीत ठेवतो त्याची गोष्ट निराळी. त्याने तो पिकविलेला असतो, सडला तर त्याचाच सडतो. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यात बंद झाली तेव्हा त्याच्या घरात काय झाले ते मी पाहिले आहे. मी बोलतो आहे ते पेरणी ना काढणी, नुसत्या भावाच्या चढण्यावर जगणाऱ्याबद्दल. कोबाल्टचेही असेच घडले. २२ फेब्रुवारी २०२५ रोजी काँगोच्या सरकारने कोबाल्टची निर्यात थांबविली, पुढे मुदत वाढविली, आणि ऑक्टोबरपासून ठरावीक कोट्याने ती सुरू केली. वर्षभरात भाव दुपटीच्या पलीकडे गेला. काँगोच्या सरकारला तसे करण्याचा अधिकार आहे. माल त्यांच्या भूमीतला आहे. पण त्या भाववाढीने कोपरगावात कोणाच्या घरी पेढे वाटले गेले असतील, तर ते स्वच्छ हवेचे पेढे नव्हते एवढे ध्यानात ठेवावे. सातव्या आज्ञेचे विवरण करताना ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात चोरीच्या रांगेत आणखी काही गोष्टी बसविल्या आहेत. इतरांचे नुकसान करून स्वतःचा लाभ साधण्यासाठी वस्तूंच्या किमती कृत्रिमपणे हलविणारी सट्टेबाजी ही त्यांतलीच एक. किमती हलविण्याइतका पैसा आपल्यापैकी कोणाकडेही नाही, हे मला ठाऊक आहे. पण हलविणाऱ्याच्या गाडीत तिकीट काढून बसणे म्हणजे अगदीच निरागसपणा असेही नव्हे.

व्यवहाराची बाजू मी लवकर आटोपतो, कारण ती सांगणारे माझ्याहून जाणते लोक पुष्कळ आहेत. लिथियमच्या कार्बोनेटचा भाव चीनमध्ये नोव्हेंबर २०२२ मध्ये टनामागे सहा लाख युआनच्या घरात होता. २०२४ उजाडेतो तो एक लाखाच्या आसपास येऊन ठेपला. ८ मार्च २०२२ रोजी लंडनच्या धातुबाजारात निकेलचा भाव टनाला एक लाख डॉलरच्या वर उसळला आणि बाजाराने त्या दिवशीचे सौदेच रद्द करून टाकले. ज्या खेळात पंच मध्येच डाव पुसून टाकू शकतो त्या खेळात निवृत्त चालकाने उतरू नये. आपल्याकडे सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीप्रमाणे, शेअरांच्या वायदेबाजारात उतरलेल्या सामान्य माणसांपैकी शंभरांतील त्र्याण्णव जणांनी तीन वर्षांत पैसा गमावला. आणि आपल्याच जिल्ह्यात, शेवगाव तालुक्यात, दरमहा भरघोस परतावा देतो म्हणून शेअर बाजाराच्या नावाने ठेवी गोळा करणारे २०२४ साली कसे रातोरात परागंदा झाले, हे मी सांगायला नको. असो. पैसा बुडेल म्हणून करू नका, एवढेच सांगायचे असते तर मी लेखणी उचलली नसती. पैसा बुडणार नाही, चांगला दुप्पट होईल, असे धरून चाला. माझा प्रश्न तेव्हाही उभा राहतो.

आता खाणीकडे येऊ. योबाच्या ग्रंथाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात खाणकाम करणाऱ्यांचे एक विलक्षण चित्र आहे: मनुष्यवस्तीपासून दूर, कोणाचे पाऊल पडत नाही अशा जागी, अंधारात लोंबकळणारी माणसे. बायबलच्या त्या पानाचा आजचा पत्ता हवा असेल तर तो काँगोच्या दक्षिणेस, कोल्वेझी या शहराच्या आसपास आहे. जगातील खाणींतून निघणाऱ्या कोबाल्टपैकी सुमारे तीन चतुर्थांश एकट्या काँगोतून येते. त्याचा मोठा भाग प्रचंड यंत्रे लावलेल्या उघड्या खाणींतून निघतो, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु उरलेला भाग माणसे पहार-छिन्नीने, विहिरीसारखी अरुंद विवरे खणून काढतात. त्या विवरांना ना कठडा, ना आधार. २०१४ साली युनिसेफचा अंदाज होता की काँगोच्या दक्षिण भागातील खाणींवर सुमारे चाळीस हजार मुले राबत आहेत आणि त्यांतील पुष्कळशी कोबाल्टच्या कामावर आहेत. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने २०१६ च्या जानेवारीत अहवाल प्रसिद्ध केला, त्यातील मुले दिवसाला एक-दोन डॉलरसाठी बारा-बारा तास दगड वेचीत, धूत आणि वाहत होती. खरेदीदाराच्या वखारीत हा माल दुसऱ्या मालात मिसळतो, आणि तेथून पुढे लेकराने वेचलेला दगड कोणता आणि यंत्राने काढलेला कोणता, हे देवाखेरीज कोणी सांगू शकत नाही. २७ जून २०१९ रोजी कोल्वेझीजवळच्या एका मोठ्या खाणीत घुसून हाताने खोदणाऱ्या त्रेचाळीस जणांवर कडा कोसळला आणि ते दगावले. १५ नोव्हेंबर २०२५ रोजी त्याच लुआलाबा प्रांतात खाणीवरचा पूल कोसळून किमान बत्तीस माणसे गेली. निकेलची कथाही वेगळी नाही. जगातील निम्म्याहून अधिक निकेल आज इंडोनेशियात निघते. तेथे मोरोवाली येथील निकेलच्या भट्टीत २४ डिसेंबर २०२३ रोजी स्फोट होऊन एकवीस कामगार मरण पावले. त्या रात्री आपण मध्यरात्रीच्या मिस्साची तयारी करीत होतो.

ही माहिती मी त्या तरुणाच्या घरी जाऊन सांगितली. मुलगा मान खाली घालून ऐकत होता. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, “फादर, त्या खाणीतल्या माणसाला फंड असतो का?” आतून चहा घेऊन आलेली माउली म्हणाली, “अहो, त्यांना पगार नाही धड, फंड कुठला!” आणि विषय तेवढ्यावर थांबला.

कोल्वेझीत गुड शेफर्ड संघाच्या धर्मभगिनी २०१२ पासून काम करीत आहेत. खाणीवरच्या मुलांना शाळेत आणायचे, त्यांच्या आयांना शेती किंवा शिवणकाम शिकवून पोटाला दुसरा आधार द्यायचा, असे त्यांचे कार्य. म्हणजे ख्रिस्तसभेचा एक हात त्या विवरांतून लेकरे वर काढतो आहे. दुसऱ्या हाताने, म्हणजे आपण कुटुंबवत्सल श्रद्धावंतांनी, त्याच विवरांच्या भावावर पैसा लावून नाताळची खरेदी करावी हे मला पटत नाही.

ही आजचीच गोष्ट आहे असेही नाही. १८८८ साली डनलॉप यांनी हवेची धाव शोधून काढली. सायकली आल्या, मागोमाग मोटारी आल्या, आणि जगाला रबर हवे झाले. तेव्हाही वाहनांचे नवे युगच अवतरले होते! रबर काँगोच्या अरण्यात होते, आणि काँगो हा १८८५ पासून बेल्जियमचा राजा लिओपोल्ड दुसरा याच्या खाजगी मालकीचा मुलूख होता. रबराचा ठरलेला भार न आणणाऱ्यांचे हात तोडले जात, याची छायाचित्रे जगाने पाहिली आणि १९०८ साली राजाला तो मुलूख सोडावा लागला. पण कंपन्या राहिल्या. १९०९ साली अशाच एका बेल्जियन कंपनीच्या मळ्यावर इसिदोर बकांजा नावाचा कोवळा तरुण कामाला होता. गवंडीकाम शिकलेला, तीन वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेतलेला, गळ्यात कार्मेल मातेचे स्कॅप्युलर घालणारा. गोऱ्या मुकादमाला ते खपले नाही. स्कॅप्युलर काढ म्हटले, त्याने काढले नाही. तेव्हा हत्तीच्या कातड्याच्या, खिळे बसविलेल्या चाबकाने त्याची पाठ फोडण्यात आली. काही महिने जखमा चिघळून ऑगस्टमध्ये तो मरण पावला, मारणाऱ्याला क्षमा करून. २४ एप्रिल १९९४ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्याला धन्य घोषित केले. मुकादमाला पुढे शिक्षा झाली. त्या कंपनीचे शेअर मात्र बेल्जियमच्या सुखवस्तू घरांत होते, आणि ती घरे बहुतांशी कॅथलिक होती. रविवारी मिस्साला जाणाऱ्या, दानपेटीत नाणे टाकणाऱ्या त्या माणसांपैकी एकानेही बकांजाला चाबूक मारला नव्हता. लाभांश तेवढा घेतला होता.

लाभांश घेणारा दूर आणि राबणारा जमिनीवर, हे दृश्य आपल्या मुलखालाही नवे नाही. दर सप्टेंबरात आपण मतमाउलीच्या यात्रेला हरेगावला जातो. ज्या मातीवर आपण मेणबत्त्या लावतो ती माती बेलापूर साखर कंपनीच्या मळ्यांची. शंभर वर्षांपूर्वी कंपनीने शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेतल्या. त्या मळ्यांत उसाला पाणी देणाऱ्या, मोळ्या वाहणाऱ्या माणसांत आपल्यापैकी कित्येकांच्या आज्या-पणज्या होत्या. भागधारकांना हरेगाव कोणत्या दिशेला आहे हे तरी ठाऊक होते की नाही कोण जाणे. पुढे कमाल जमीनधारणेचा कायदा आला, १९६३ साली शेती महामंडळ झाले, जमिनी त्याच्याकडे गेल्या, आणि मूळ मालक खंडकरी म्हणून अर्धशतक अर्ज करीत, मोर्चे काढीत फिरले. २०१२ च्या सुमारास त्या परत मिळू लागल्या तेव्हा अर्ज करणाऱ्यांपैकी अनेक जण मातीआड झाले होते. ज्यांच्या घरांत ही आठवण आहे त्यांनी कोल्वेझीचे नाव ऐकून “तिकडचे आपल्याला काय?” असे म्हणू नये.

आता माझ्यावर घेतले जाणारे आक्षेप.

“फादर, तुमच्या खिशातल्या मोबाईलमध्येही कोबाल्ट आहे.” आहे, कबूल. तो वापरताना मी त्या साखळीचा लाभार्थी होतो, आणि म्हणून फोन फुटेपर्यंत वापरतो, फुटला तर दुरुस्त करतो. एवढ्याने मी निर्दोष होत नाही. पण वापरणारा आणि मालक यांच्यात फरक आहे. २०२४ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने काँगोतील मुलांच्या वतीने मोठमोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांवर भरलेला खटला फेटाळला. केवळ माल विकत घेतल्याने कंपनी खाणीच्या उद्योगात भागीदार होत नाही, असे त्याचे सार होते. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर असेल. परंतु शेअर म्हणजे भाग, आणि भाग घेणारा तो भागीदार. ही पळवाट गुंतवणूकदाराला मिळत नाही. मराठी भाषेनेच ती बंद करून ठेवली आहे.

“मग पेट्रोल तरी कोठे शुद्ध आहे?” नाहीच. पण पेट्रोलच्या कंपनीचा शेअर घेतल्याने पुण्य लागते, असे मला आजवर कोणी सांगितलेले नाही. माझा राग पापावर आहे त्याहून अधिक पापाला चढविलेल्या झग्यावर आहे.

“आम्ही नाही घेतले तर दुसरे घेतील.” घेतील. पिलातानेही असाच काहीसा विचार करून पाणी मागविले असावे.

“माझ्या दहा हजारांनी असा काय फरक पडतो?” हे वाक्य भाव पडण्याच्या बाबतीत खरे आहे, लाभाच्या बाबतीत नाही. नफा येतो तेव्हा दहा हजारांचे वीस होतात आणि ते सगळेच्या सगळे आपलेच असतात, तेव्हा मात्र “यात माझा असा काय वाटा?” असे कोणी विचारीत नाही. लाभात पूर्ण हक्क आणि दोषात शून्य वाटा, हा हिशोब कोपरगावच्या कोणत्याही दुकानाच्या वहीत बसणार नाही.

आणखी एक आक्षेप आहे, तो आक्षेपाच्या रूपाने न येता देणगीच्या रूपाने येतो. “फादर, नफा झाला तर दशांश चर्चला देईन.” छप्पर गळते आहे, हे मला रोज पावसात दिसते. तरीही सांगतो: यहुदाने परत फेकलेली तीस नाणी मंदिराच्या भांडारात घालू नयेत एवढे त्या मुख्य याजकांनासुद्धा कळले होते. नाणी कोठे ठेवावीत याचा विचार त्यांनी फार काटेकोरपणे केला. ज्याच्यासाठी ती मोजली गेली त्या माणसाचे काय झाले, हे विचारायचे तेवढे राहिले. त्यांच्यावर वरताण करण्याची माझी इच्छा नाही. छपराचे आपण पाहून घेऊ.

आता तालंतांच्या दृष्टान्ताकडे वळतो, कारण त्या मुलाने तो माझ्याच तोंडचा मला परत केला आहे. धन्याने दासाला निष्क्रियतेबद्दल बोल लावले हे खरेच. पण तो दृष्टान्त तेथे संपत नाही. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या त्याच पंचविसाव्या अध्यायात, दृष्टान्त संपताच पुढच्याच ओळींत शेवटच्या न्यायाचे दृश्य आहे: भुकेला, तान्हेला, उघडा, बंदिवान. तेथे राजा विचारतो ते प्रश्न निराळे आहेत. तालंतांची किती टक्के वाढ झाली हे तो विचारीत नाही. दृष्टान्त वाचून ग्रंथ मिटायचा आणि पुढचे पान वाचायचे नाही, ही सवय आम्हा प्रवचन करणाऱ्यांनीच लावली असेल तर ती चूक आमची, आणि तिच्यात माझाही वाटा आहे.

मग गुंतवणूक करूच नये काय? असे मी म्हटलेले नाही आणि ख्रिस्तसभाही म्हणत नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९१ च्या ‘चेंतेसिमुस आन्नुस’ या परिपत्रकात सांगितले की पैसा एका ठिकाणी गुंतवावा की दुसऱ्या, हा निर्णय नेहमीच नैतिक निर्णय असतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये रोमच्या सामाजिक शास्त्रांच्या परमगुरुपीठीय अकादमीने ‘मेन्सुराम बोनाम’ नावाची पुस्तिका काढली. कॅथलिकांनी पैसा कोठे घालावा, कोठून काढून घ्यावा आणि जेथे आहे तेथे मालक म्हणून काय विचारावे, याचे विवेचन तिच्यात आहे. ३१ जानेवारी २०२३ रोजी पोप फ्रान्सिस किन्शासाला गेले तेव्हा, आफ्रिका ही ओरबाडायची खाण नव्हे, तिच्यावरचे हात काढा, असे त्यांनी तेथल्या राज्यकर्त्यांसमोर आणि जगभरच्या राजदूतांसमोर स्पष्ट बजावले. आपला हात त्या हातांत आहे की नाही, हे तरी आपण पाहायला नको काय?

पाहता येते अशी खाण आपल्या राज्यात आहे. मँगनीज हाही बॅटरीचाच धातू. विदर्भात नागपूर-भंडाऱ्याकडे ‘मॉइल’ या सरकारी कंपनीच्या मँगनीजच्या खाणी आहेत. मूळ १८९६ च्या एका इंग्रज सिंडिकेटचे, आजचे रूप १९६२ पासूनचे, आणि डिसेंबर २०१० पासून तिचे शेअर सामान्यांना खुले. भंडारा जिल्ह्यातील डोंगरी बुजुर्ग येथे ती कंपनी बॅटरीसाठी लागणारे मँगनीज डायऑक्साइडही बनविते. आपल्या तालुक्यातील साकरवाडीच्या कारखान्याची मालक असलेली गोदावरी बायोरिफायनरीज ऑक्टोबर २०२४ मध्ये शेअर बाजारात उतरली. तिचा धातूंशी संबंध नाही, पण तिचा शेअर घेणाऱ्याला सायकलवर जाऊन आपल्या कारखान्याची चिमणी पाहता येते. हे शेअर घ्या असे मी सांगत नाही. प्रवचनपीठ म्हणजे दलालाची पेढी नव्हे, आणि सरकारी खाणीत सारे आलबेल असते असा माझा भाबडा समजही नाही. माझे म्हणणे इतकेच की तेथे प्रश्न विचारता येतो: वर्षभरात किती कामगार जखमी झाले, कंत्राटी मजुराला किती मिळते, खाणीचे पाणी कोठे जाते? वार्षिक अहवाल मागता येतो, सभेला जाता येते, गाडीत बसून गावात जाता येते. जेथे मालकाला प्रश्न विचारता येत नाही, कारण आपण नक्की कशाचे मालक आहोत हेच त्याला ठाऊक नसते, तेथे आपल्या कुटुंबाचा पैसा घालू नये. आणि नुसत्या भावाच्या चढउतारावर लावायचा पैसा तर मुळीच नको. ती मालकीही नव्हे.

त्या मुलाला मी एक काम सांगितले आहे. ज्या फंडात पैसे घालायचे त्याच्या मनात आहे, त्या फंडाने कोणकोणत्या कंपन्यांचे शेअर घेतले आहेत त्याची यादी फंडाला दर महिन्याला जाहीर करावी लागते. ती छापून आण, एका रविवारी मिस्सानंतर युवक मंडळात बसून आपण एकेक नाव वाचू, कोणती कंपनी कोठे काय खणते ते शोधू. वडिलांनाही बोलावले आहे. पैसे तूर्त बँकेतच आहेत. यादी अजून आलेली नाही. दिवाळीनंतर आणतो असे तो म्हणाला होता, मग नाताळ म्हणाला.